हाताचें ज्ञान व त्याचें ऋण

कोणत्याहि वस्तुसंग्रहालयांत गेलें म्हणजे पहिल्या दालनांत दगड दिसतात. कांचेच्या पेटींत ओळीनें मांडलेल्या हातकुऱ्हाडी, तासण्या व लहान लहान पातीं, आणि खालीं चिठ्ठीवर 'अश्मयुग' हें नांव. ह्या नांवाची संवय आम्हां सर्वांस इतकी जडली आहे कीं, त्यांत कांहीं शंकास्पद असेल असें मनांतहि येत नाहीं. १८३६ सालीं कोपनहेगन येथील संग्रहालयाचे व्यवस्थापक थॉमसेन ह्यांनीं दगड, कांसें व लोखंड अशीं तीन युगें छापून मांडलीं, तेव्हां त्यांच्यापुढचा प्रश्न संग्रहांतील वस्तू क्रमानें कशा लावाव्या हा होता. जी वस्तु टिकली तीच कपाटांत ठेवतां येते, आणि जी कपाटांत असते तिच्याच नांवानें काळ ओळखला जातो. लांकूड, वेत, बांबू, गवत, झाडाची साल व कातडें हीं कुजून गेलीं; त्यांच्या नांवाचें युग झालें नाहीं. वस्तुतः ज्याच्या हातांत दगडाचें एक पातें होतें, त्याच्या भोंवतीं झाडापानांच्या कितीतरी अधिक वस्तू असल्या पाहिजेत. कारण पातें खातां येत नाहीं, पांघरतां येत नाहीं, व त्यांत कांहीं सांठवतांहि येत नाहीं. तें दुसरें कांहीं करण्यासाठींच असतें.

आम्ही ज्या वाशीम गांवीं राहतों तें एके काळीं वत्सगुल्म ह्या नांवानें वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होतें. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट येथें १९३९ सालीं सांपडला, आणि ह्या शाखेच्या इतिहासावर नवा प्रकाश पडला. तांबें टिकलें म्हणून राजाचें नांव टिकलें. पण त्या राजधानीच्या बांधकामाची माती ज्या पाट्यांतून वाहिली गेली, त्या पाट्या कोणी विणल्या हें सांगणारा पट कोठेंच नाहीं. हा अन्याय कोणी हेतुपुरस्सर केला नाहीं. तो मातीनें केला. परंतु मातीनें केलेला अन्याय माणसानें पुढें चालवावा काय, हा प्रश्न आमच्यापुरता उरतोच, व त्याचाच विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

शिकार करून व रानांतून वेंचून निर्वाह करणाऱ्या समाजांविषयीं बोलतांना आपण त्यांतील शिकारच तेवढी ध्यानांत ठेवतों. भाल्याच्या टोंकाभोंवतीं शौर्याची कथा रचतां येते. मोहाचीं फुलें, चारोळ्या व कंद गोळा करण्याभोंवतीं ती रचणें कठीण. १९६६ सालीं शिकागो येथें अशा समाजांच्या अभ्यासकांची परिषद भरली. तिचें नांवच 'शिकारी मानव' असें होतें. मौज अशी कीं, त्याच परिषदेंत रिचर्ड ली ह्यांनीं कालाहारीच्या वाळवंटांतील लोकांविषयीं सांगितलें तें हें कीं, त्यांच्या अन्नाचा मोठा भाग वनस्पतींचा असून तो मुख्यतः स्त्रिया वेंचून आणतात. वेंचलेलें घरीं आणावयाचें तर कांहींतरी भांडें हवें. ओंजळींत मावेल तेवढें एका मुलाच्या तोंडीं जाईल. ओटींत मावेल तेवढें दोघांस पुरेल. सर्व बिऱ्हाडास पुरवावयाचें तर टोपलीच पाहिजे. टोपली नसेल तर जो वेंचतो त्यानें झाडाखालींच खावें. टोपली असेल तर दुसऱ्यासाठीं आणतां येतें, वांटतां येतें, उद्यांसाठीं ठेवतां येतें. मानवी नीतीचा आरंभ कोणास शोधावयाचा असेल, तर त्यानें भाल्याच्या टोंकाइतकेंच टोपलीच्या तळाकडेहि पाहावें, असें आम्हांस वाटतें.

पण पाहावयास ती टोपली मिळावी कोठें? स्पेनच्या दक्षिणेस ग्रानाडा प्रांतांत 'वटवाघळांची गुहा' म्हणून एक अत्यंत कोरडी गुहा आहे. एकोणिसाव्या शतकांत खाणकामगारांनीं ती उघडली, तेव्हां तींत गवताच्या टोपल्या निघाल्या. त्यांतील कांहीं सुमारें ९५०० वर्षांपूर्वींच्या, म्हणजे त्या भागांत शेती येण्यापूर्वींच्या आहेत, असें २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या कालमापनावरून ठरलें. बलुचिस्तानांतील मेहेरगढ येथें नवाश्मयुगीन थडग्यांत टोपल्यांचे अवशेष मिळाले, ते त्यांस लिंपलेल्या डांबराच्या कृपेनें. आमच्या वऱ्हाडाच्या भाग्यीं तशी गुहाहि नाहीं आणि डांबरहि नाहीं. येथील काळी जमीन पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळून उघडते, आणि पोटांत पडलेलें सर्व खालवर करते. अशा जमिनींत उरतें तें काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतून निघालेल्या गारगोटीचें पातें. शेजारच्या खानदेशांत, चाळीसगांव तालुक्यांतील पाटणें येथें एस. ए. साळी ह्यांनीं १९७२-७३ सालीं केलेल्या उत्खननांत अशीं पातीं विपुल सांपडलीं. शिवाय शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा, नक्षी कोरलेला सुमारें २५,००० वर्षांपूर्वींचा एक तुकडा सांपडला. कवच टिकलें, पातीं टिकलीं. तीं घेऊन हिंडणाऱ्या माणसांच्या पाठीवर व डोक्यावर काय होतें, तें मातीनें गिळलें.

ह्या अडचणींतून वाट काढण्यासाठीं जें शास्त्र पुढें आलें त्यास प्रायोगिक पुरातत्त्व म्हणतात. त्याची रीत सांगावयास सोपी आहे. प्राचीन हत्यारासारखें हत्यार स्वतः घडवावें. तें एका ठराविक पदार्थावर ठराविक वेळ चालवावें. मग त्याची धार सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावी. हाड तासलें तर एक खूण उमटते, कातडें खरवडलें तर दुसरी. आणि बांबू, बोरू किंवा गवत ह्यांसारख्या, ज्यांच्या अंगांत वाळूचें द्रव्य असतें अशा वनस्पतींवर तें चालविलें तर धारेवर विशिष्ट चकाकी चढते. नंतर प्राचीन पात्यावर तीच खूण आहे कीं काय, तें ताडून पाहावें. रशियन संशोधक सेम्योनोव्ह ह्यांचा ह्या विषयावरील १९५७ चा ग्रंथ १९६४ सालीं इंग्रजींत आला, व तेव्हांपासून ही दृष्टि सर्वत्र पसरली.

तिचीं दोन फळें येथें सांगण्यासारखीं आहेत. फिलिपाइन्समधील पालावान बेटावर ताबोन नांवाची गुहा आहे. तेथील ३९,००० ते ३३,००० वर्षांपूर्वींच्या कांहीं दगडी हत्यारांवरील सूक्ष्म खुणांचा उलगडा एर्मीन झोफ्लेर व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०२३ सालीं प्रसिद्ध केला. त्याच बेटावर राहणारे लोक बांबूच्या व ताडाच्या जातीच्या झाडांच्या ताठ कांबी तासून त्यांच्या मऊ, लवचिक पट्ट्या कशा काढतात, हें त्यांनीं आधीं पाहिलें. तीच क्रिया दगडी पात्यांनीं करून पाहिली. आणि दोन्ही ठिकाणच्या खुणा जुळल्या. टोपली मिळाली नाहीं, दोर मिळाला नाहीं. पण तीं करणाऱ्या हाताची हालचाल दगडावर उमटलेली मिळाली. दुसरें उदाहरण जर्मनींतील होले फेल्स गुहेंतलें. तेथें २०१५ सालीं मॅमथच्या सुळ्याची सुमारें २० सेंटिमीटर लांबीची एक पट्टी निघाली. तीस चार भोंकें असून भोंकांच्या आंत मळसूत्री खांचा आहेत. भोंकें पाडलेल्या अशा पट्ट्यांस युरोपांतील जुन्या पंडितांनीं 'सेनापतीचा दंड' असें भारदस्त नांव दिलें होतें. बेल्जममधील लीएज येथें वेर्ले रॉट्स ह्यांनीं ह्या पट्टीच्या प्रतिकृतींतून वनस्पतींचे तंतु ओवून पाहिले, तों त्यांचा चांगला पिळदार दोर वळला गेला. जेथें डोळ्यास अधिकाराचें चिन्ह दिसलें होतें तेथें हातास कामाचें साधन सांपडलें. डोळ्यानें आपल्या मनांतलेंच पाहिलें होतें. पंडितांच्या मनांत दोर वळणारा माणूस नव्हता, सेनापति होता.

ह्या पद्धतीची मर्यादाहि स्पष्ट आहे, व तिचे पुरस्कर्ते ती नाकारीत नाहींत. प्रयोगानें 'असें करतां येतें' एवढेंच सिद्ध होतें. 'असेंच केलें' हें सिद्ध व्हावयास इतर पुरावा लागतो. परंतु ह्याहून खोल अशी एक शंका आहे, आणि ती ग्रंथ वाचतांना आम्हांस कधीं सुचली नाहीं. प्रयोग करणारा हात कोणाचा? ही शंका आम्हांस आमच्या फजितीनें शिकविली.

कांहीं वर्षांपूर्वीं विद्यार्थ्यांस ही पद्धत समजावून देतांना, नुसत्या व्याख्यानापेक्षां एक लहानसा प्रयोग करावा असें मनांत आलें. नदीच्या पात्रांतून गारगोट्या आणल्या, त्या फोडून धारदार पातीं काढलीं, बाजारांतून एक बांबू आणला, आणि पंधरा-वीस मुलें त्या पात्यांनीं बांबू चिरून कामट्या काढावयास बसलीं. दुपारपर्यंत निष्पत्ति झाली ती अशी: दोघांचीं बोटें कापलीं, सहा पातीं बोथट झालीं, आणि एकहि कामटी टोंकापर्यंत सारख्या जाडीची निघाली नाहीं. चीर थोडी सरळ जाई, मग एका अंगास पळे, व कामटी तुटे. आम्हीं मोठ्या गांभीर्यानें वहींत टिपून ठेविलें कीं, दगडी पात्यानें बांबूच्या पातळ कामट्या काढणें हें अत्यंत कष्टाचें काम असून त्यांत पुष्कळ पातीं खर्चीं पडत असलीं पाहिजेत.

वर्गांतील एक मुलगा मात्र सारा वेळ मागें उभा होता. मुलगा हुशार, पण अबोल. त्यानें पात्यास हात लाविला नाहीं, व आम्हीं मनांतल्या मनांत त्यास आळशी ठरविलें. मुलें पांगल्यावर तो जवळ आला आणि हलक्या आवाजांत म्हणाला, "सर, माझ्या आजीला बोलावूं का? आमचं घर बुरडाचं आहे."

दुसऱ्या दिवशीं आजीबाई आल्या. आमचा बांबू पाहून त्यांनीं पहिला प्रश्न केला, "हा वाळेल बांबू कोनं आनला?" त्यांनीं स्वतःबरोबर ओला बांबू आणला होता. गारगोटीचें पातें त्यांनीं हातांत घेतलें, धारेवरून आंगठा फिरविला, व "धार चांगली हाये," असा निर्वाळा दिला. मग बांबूच्या तोंडाशीं पातें धरून वरून दगडाचा ठोका घातला, तोंड उघडलें, आणि त्यांनीं पातें बाजूस ठेवून दिलें. पुढचें सर्व काम हातानें. एक टोंक पायाच्या आंगठ्याखालीं दाबलेलें, दोन्ही फांकी दोन हातांत, आणि चीर पाण्यासारखी पुढें सरकत चाललेली. मध्येंच ती एका अंगास झुकूं लागली. आम्हांस वाटलें, आतां कामटी तुटणार. आजीबाईंनीं जाड बाजू किंचित् अधिक वांकविली, आणि चीर मुकाट्यानें मध्यावर परत आली. शेजारीं बसलेल्या मुलास त्या म्हणाल्या, "जाड हाये ते बाजू वाकव, बापू, चीर आपोआप तिकडं येते." आणि आमच्या पात्यांच्या ढिगाकडे पाहून, "दगडानं नुसतं तोंड उघडा लागते. फाडा लागते हातानंच."

घटकाभरांत दहा-बारा कामट्या तयार झाल्या. पात्याची धार जवळजवळ होती तशीच होती.

त्या घटकेंत आमच्या आदल्या दिवसाच्या टिपणाचा निकाल लागला. आम्हीं आमच्या अडाणीपणाची नोंद केली होती, आणि तीस अश्मयुगीन मानवाचें नांव दिलें होतें. तीं सहा बोथट पातीं सूक्ष्मदर्शकाखालीं ठेविलीं असतीं तर त्यांवर खुणा दिसल्या असत्याच, व त्या आम्हीं प्राचीन खुणांशीं ताडूनहि पाहिल्या असत्या. पण त्या खुणा बांबू फाडतां न येणाऱ्या माणसाच्या होत्या. दुसरी गोष्ट त्याहून विचार करावयास लावणारी. ज्यास हें काम उत्तम येतें तो हत्यार कमींत कमी वापरतो. त्याचें खरें हत्यार म्हणजे बोटें, दांत व पायाचा आंगठा. आणि त्यांवरील खुणा त्याच्याबरोबर मातींत जातात. मग दगडांवरील खुणा मोजून 'येथें टोपल्या पुष्कळ होत होत्या, तेथें होत नव्हत्या' असें जो सांगेल, तो कदाचित् अनाडी वस्तीस कारागिरांची व कारागिरांच्या वस्तीस अनाडी ठरवील. कुशल हात खूण कमी ठेवतो. ह्यावरून प्रायोगिक पुरातत्त्व व्यर्थ आहे असें मुळींच ठरत नाहीं. एवढेंच ठरतें कीं, प्रयोग करण्यापूर्वीं प्रयोगकर्त्यानें कोणाचें तरी शिष्यत्व पत्करलें पाहिजे. पालावान बेटावरील संशोधनास यश आलें, तें त्यांतील संशोधक आधीं कामट्या काढणाऱ्या लोकांजवळ जाऊन बसले म्हणून.

त्या दिवशीं संध्याकाळीं आम्हीं त्या मुलास विचारलें, "अरे, काल तूं आम्हांला सांगितलं कां नाहींस?" तो जरा वेळ खालीं पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, हें येतं म्हणून कोणी शाबासकी देईल असं वाटलं नव्हतं. हें येतं तें कोणाला कळूं नये म्हणूनच तर मी कॉलेजांत आलों."

ह्या उत्तरावर काय बोलावें हें आम्हांस सुचलें नाहीं. तीस वर्षें शिकविण्याचा धंदा केल्यावर, आमच्या वर्गांत बसावयाचें तर आपलें ज्ञान दाराबाहेर ठेवून यावें लागतें असें एका विद्यार्थ्यास वाटावें, ह्याहून अधिक स्पष्ट प्रगतिपुस्तक शिक्षकास मिळणें कठीण.

आणि हें त्यास वाटलें तें उगीच नव्हे. आमच्या घरांत मूल जन्मलें कीं तें सुपांत निजवितात. गौरींचें वाण सुपांत भरतात. लग्नाच्या रुखवतांत दुरडी लागते. शेवटचा प्रवास बांबूच्या तिरडीवर होतो. जन्मापासून सरणापर्यंत बुरडाच्या हातावांचून आमचें एक कार्य होत नाहीं. तरी पिढ्यान् पिढ्या वस्तु देवघरांत गेली आणि हात वेशीपाशीं थांबविला गेला. बाराव्या शतकांत कल्याण येथें बसवेश्वरांच्या भोंवतीं जमलेल्या शरणांत मेदार केतय्या हे बांबूचें काम करणारे होते, व अंगमेहनतीचें काम हीच पूजा अशी ह्या मंडळींची शिकवण होती. ती शिकवण आम्ही परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत लिहितों. सूप घेतांना दहा रुपयांची घासाघीस करतों तेव्हां ती आठवत नाहीं. आम्हीहि ती घासाघीस अनेकदां केली आहे.

येथें तीन आक्षेप निघण्यासारखे आहेत, व त्यांचा विचार केल्याशिवाय पुढें जाणें योग्य नव्हे.

पहिला आक्षेप असा कीं, आजची बुरडीण म्हणजे अश्मयुगीन स्त्री नव्हे. तिच्यापासून प्राचीनांविषयीं काय कळणार? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, किंबहुना तो आम्ही अधिक जोरानें मांडूं इच्छितों. आजीबाईंच्या घरीं लोखंडी कोयता आहे, त्या बाजारभाव जाणतात, नातवाची फी भरतात. त्या आमच्याच काळांतल्या आहेत. त्यांच्यापासून कळलें तें बांबूविषयीं व हाताविषयीं. आणि ओल्या बांबूची चीर वांकविलेल्या अंगास जाते हा नियम पंचवीस हजार वर्षांपूर्वींहि हाच असणार. जिवंत माणसांस भूतकाळाचे अवशेष मानण्याची चूक शास्त्राच्या नांवाखालीं झालेली आहे, व तिचें पर्यवसान भयंकर झालें आहे. आमच्या भागांतील कैकाडी पऱ्हाट्या, तुराट्या व निरगुडीच्या फोकांच्या टोपल्या विणतात. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा फांस त्यांच्याहि गळ्यांत पडला. रसेल व हिरालाल ह्यांनीं १९१६ सालीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत कैकाड्यांचा टोपल्यांचा धंदा हा केवळ दाखविण्यापुरता आहे असा सूर आहे. म्हणजे ज्या हातांनीं टोपली प्रत्यक्ष विणली, त्यांच्या टोपलीवरहि विद्वानांचा विश्वास नव्हता. तो कायदा १९५२ सालीं देशभर रद्द झाला. १९८० सालीं लक्ष्मण माने ह्यांचें 'उपरा' आलें, आणि टोपल्या विणणाऱ्या घरांतला माणूस आपल्याविषयीं स्वतः लिहूं लागला. ज्यांच्याविषयीं इतर लोक खंडच्या खंड लिहीत होते, त्यांस आधीं विचारावयास पाहिजे होतें, हें तेव्हां पुष्कळांच्या ध्यानीं आलें.

दुसरा आक्षेप तात्त्विक आहे. ज्ञान कोणाच्या मालकीचें नसतें. मग त्याचें ऋण तें कसलें? चीर कोणत्या अंगास जाते हा सृष्टीचा नियम आहे, तो आजीबाईंनीं निर्माण केलेला नाहीं. हें खरें. पण मालकी व ऋण ह्या भिन्न गोष्टी आहेत. आपल्या परंपरेंत देवऋण, पितृऋण व ऋषिऋण अशीं तीन ऋणें सांगितलीं आहेत, आणि ऋषींस कोणी मंत्रांचे मालक म्हटलेलें नाहीं. त्यांस द्रष्टे म्हटलें आहे. ज्यानें प्रथम पाहिलें व पुढच्यास दाखविलें तो ऋषि. मग रानांत बसून ज्या कोण्या स्त्रीनें प्रथम पाहिलें कीं जाड बाजू वांकविली म्हणजे चीर माघारी येते, व तें आपल्या मुलीस दाखविलें, ती ह्या व्याख्येंत बसत नाहीं काय? ऋषिऋण अध्ययनानें फिटतें असें शास्त्र सांगतें. तें अध्ययन आम्हीं कधीं केलेंच नाहीं, हीच तर थकबाकी.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे, आणि तो त्या मुलाच्या तोंडचा आहे. तुम्ही माझ्या आजीच्या कलेचे गोडवे गातां, मग मी टोपल्याच विणीत बसावें असें तुमचें म्हणणें आहे काय? ज्यास तें काम करावें लागत नाहीं त्यानें त्या कामाची थोरवी गावी, ह्यासारखी स्वस्त उदारता नाहीं. प्लास्टिकच्या टबानें व लोखंडी घमेल्यानें टोपलीचा बाजार बसविला. बांबूचाहि मार्ग सरळ नव्हता. वनस्पतिशास्त्र बांबूस गवत म्हणतें, पण १९२७ च्या वनकायद्यानें त्यास झाड ठरविलें होतें. वनाबाहेर वाढलेल्या बांबूची त्या व्याख्येंतून सुटका २०१७ सालीं झाली. अशा धंद्यांत त्या मुलानें राहावें असें म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. उलट, तो सर्वांनीं सोडला तर एका पिढींत हें ज्ञान नाहींसें होईल, आणि मग जगांतील उत्तमोत्तम सूक्ष्मदर्शकास ताडून पाहावयास हात उरणार नाहीं, हेंहि खरें.

ह्या पेचांतून आम्हांस एकच वाट दिसते. जातिव्यवस्थेनें ज्ञानाच्या बाबतींत दुहेरी अपराध केला: एकावर तें जन्मानें लादलें, आणि इतर सर्वांस तें शिकण्यापासून जन्मानेंच मुक्त केलें. ह्या दोन गांठी एकदमच सोडविल्या पाहिजेत. त्या मुलास आजीचा कोयता खालीं ठेवण्याची पूर्ण मोकळीक असावी, आणि तो उचलून शिकण्याचें कर्तव्य आमचें असावें. वारस नातूच असला पाहिजे असा नियम वाङ्मयास नाहीं, गणितास नाहीं. तो बांबूच्या कामासच कां असावा? ज्या दिवशीं पांढरपेशाचें मूल बुरडाच्या ओट्यावर शिष्य म्हणून बसेल, आणि बुरडाचें मूल आपल्याला तें येतें हें वर्गांत उभें राहून सांगेल किंवा येत नाहीं हेंहि तितक्याच सहज सांगेल, त्या दिवशीं ऋणाचा पहिला हप्ता फिटला असें म्हणतां येईल.

आतां आमच्या हातून घडलेली एक गोष्ट सांगून हा लेख संपवावयाचा आहे. आजीबाईंस कांहीं रक्कम द्यावयाची होती. पावती आम्हींच लिहिली. रक्कम कोणत्या सदराखालीं दाखवावी ह्याचा विचार करीत असतां लेखणीनें आपोआप शब्द लिहिला: 'मजुरी'. ह्याच टेबलावर बाहेरगांवाहून तासभर व्याख्यान द्यावयास येणाऱ्या विद्वानांच्या पावत्या आम्हीं लिहिल्या होत्या, व त्यांवर न चुकतां 'मानधन' असा शब्द घातला होता. त्यांच्यापैकीं कोणीं आमचें टिपण एका घटकेंत खोटें पाडून दाखविल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. आजीबाईंस सही येत नव्हती. नातवानें शाईची डबी पुढें केली, त्यांनीं आंगठा उठविला. तो उठला तो नुसता काळा डाग. रेषा एकहि नीट उमटली नाहीं. साठ वर्षें बांबूच्या धारेवरून फिरून त्या आंगठ्यावरील रेषा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. झिजेच्या खुणा शोधण्याचें शास्त्र आम्ही आदल्या दिवसापर्यंत शिकवीत होतों, आणि ती खूण समोर असतां आम्हीं म्हटलें काय, तर "आजी, जरा दाबून उठवा."

महाभारतांत निषादाच्या मुलानें गुरूस आंगठा दिला, ही कथा आपण सर्व जाणतों, व द्रोणाचार्यांचें वागणें योग्य कीं अयोग्य ह्यावर वाद घालतों. त्या कथेंत निदान रानांतला मुलगा शिष्य होता. येथें गुरु त्या होत्या, शिष्य आम्ही, आणि आंगठा घेतला तोहि आम्हींच. वर लिहिलेला शब्द नातवानें वाचला होता हें त्याच्या चेहऱ्यावरून कळलें.

पुढच्या वर्षीं आम्हीं त्यांस पुन्हां बोलाविलें आणि पावतीवर 'मानधन' लिहिलें. आजीबाईंनीं नातवास त्या शब्दाचा अर्थ विचारला, त्यानें सांगितला. त्या हंसून म्हणाल्या, "मंग भाव वाढला म्हना की!" रक्कम थोडी वाढली होती हें खरें, पण ती पुरेशी होती असें आमच्यानें म्हणवत नाहीं.

ती पहिली पावती मात्र दप्तरांत कोठेंतरी आहे. टोपल्या कुजतील, आंगठा मातींत जाईल, पण तो कागद पुष्कळ दिवस टिकेल. आणि उद्यां एखादा इतिहासकार तो हातांत घेऊन असें लिहील कीं, वाशीम येथें अमुक वर्षीं एक स्त्री मजुरीस आली होती. पुरावा त्याच्या बाजूचा असेल. म्हणून, ती शिकवावयास आली होती, एवढें आम्ही येथें लिहून ठेवीत आहों.